अमेरिकेंतील तंबूचे मुक्काम

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आपल्याकडे मुलें आजोळीं जातात. अमेरिकेंत मात्र आई, बाप, मुलें व क्वचित् आजा-आजीसुद्धां, असें कुटुंबच्या कुटुंब मोटारींत तंबू, अंथरूण-पांघरूण, चूल आणि शिधा भरून रानांत राहावयास निघतें. ज्यांचीं राहतीं घरें आपल्या दृष्टीनें वाडेच, ज्यांच्या न्हाणीघरांत अष्टौप्रहर ऊन पाणी, तीं माणसें चार-आठ दिवस भुईवर निजतात, नळावरून बादल्या भरून आणतात, लांकडें पेटवून भोंवतीं बसतात आणि त्यांत धन्यता मानतात. आपल्यांतल्या कित्येकांस याचें हंसूं येतें. ज्यांच्या पूर्वजांनीं वानप्रस्थाश्रम सांगितला त्यांनीं तरी हंसूं नये!

या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आज समुद्रापलीकडे आहेत. चार-सहा महिने नातवंडांत राहावें म्हणून आईबाप तिकडे जातात, आणि उन्हाळा असला तर अशा सहलीचा योग बहुधा येतोच. मग तिची आंखणी कशी करावी, मुक्कामाच्या जागा आधीं राखून ठेवाव्या कीं वाट नेईल तसें जावें, हा प्रश्न नुसता तरुणांचा राहत नाहीं. आमच्या घरीं तो २०२३ सालीं उपस्थित झाला. चिरंजीव सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकांठीं राहतात. जावयाचें होतें यलोस्टोन उद्यानास. जातां-येतां दोन हजारांवर मैल व दहा रात्री. मंडळी सहा: चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांची नात, पांच वर्षांचा नातू, मी, आणि आमच्या सौभाग्यवती. यांस दहा-बारा वर्षांचा मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें आणि डावा गुडघा चढाला तक्रार करतो. तेव्हां वाद नुसत्या सोयीचा नव्हता.

चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, "बरोबर आई-बाबा आणि लहान मुलें. रात्रीं निजावयास जागा नाहीं, असें एकदांही होतां कामा नये. दहाच्या दहा रात्री राखूनच निघूं." सूनबाई म्हणाल्या, "सगळ्या रात्री आधींच लिहून ठेवल्या तर ती सहल कसली? तें शाळेचें वेळापत्रक झालें. एखादी जागा आवडली तर एक दिवस अधिक राहतां येऊं नये, पाऊस आला तर पुढें सरकतां येऊं नये. मग मोटार तरी कशाला?" पस्तीस वर्षें वेळापत्रकें आंखण्यांत घालविलेल्या माणसासमोर हें बोलणें जरा धीटपणाचेंच होतें; पण त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं.

मला दोघांचें ऐकतांना ‘अतिथि’ हा शब्द आठवला. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी त्याची फोड आपल्याकडे करतात. म्हणजे आरक्षण न करतां येणारा! त्याला विन्मुख लावूं नये म्हणून गृहस्थावर केवढीं बंधनें घातलीं आहेत. त्यावरूनच दिसतें कीं न कळवितां येणाराची पंचाईत त्या काळींही होत असली पाहिजे. उलट पंढरीच्या वारींत लाखों माणसें चालतात, पण जेजुरी, लोणंद, फलटण हे मुक्काम ठरलेले, दिंड्यांचा क्रम ठरलेला, आणि कोणाच्या राहुट्या कोठें पडावयाच्या हेंही वर्षानुवर्षांचें ठरलेलें. कालिदासाच्या यक्षानें मेघाला जी वाट सांगितली तींत मुक्काम आहेत, तिथि नाहींत. आणि वाट वांकडी झाली तरी उज्जयिनी चुकवूं नको, असेंही त्यानें बजाविलें आहे. सूनबाईंना हा दाखला फार आवडला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मेघाला मधुमेह नव्हता." यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

आतां तिकडची व्यवस्था सांगतों. राष्ट्रीय उद्यानें व सरकारी वनें यांतील पुष्कळ तळांच्या जागा ‘रेक्रिएशन डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर राखतां येतात. बऱ्याच ठिकाणीं सहा महिने आधीं, रोज एकेक दिवस पुढें सरकत, नोंदणी खुली होते. वेळ पूर्व किनाऱ्यावरील सकाळच्या दहांची, म्हणजे कॅलिफोर्नियांतील सातांची. योसेमिटीच्या मुख्य तळांचा प्रकार निराळा. तेथें महिन्याच्या १५ तारखेस सकाळीं सात वाजतां, पांच महिन्यांपुढच्या एका सबंध महिन्याच्या जागा एकदम खुल्या होतात, आणि उन्हाळ्यांतल्या असल्या तर चहा निवण्याच्या आंत संपतात. यलोस्टोनमध्यें बारा तळ असून जागा दोन हजारांवर आहेत. त्यांतले मोठे पांच तळ उद्यानानें ठेक्यानें दिलेले असून त्यांची नोंदणी सहा महिन्यांच्याही पुष्कळ आधीं सुरू होते. दोन हजार जागा ऐकावयास पुष्कळ वाटतात. परंतु २०२१ च्या एकट्या जुलैंत तेथें १० लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली, व त्या सबंध वर्षांत ४८ लाखांवर. शेजारच्या ग्रँड टीटन उद्यानांत पूर्वीं पहाटे जाऊन रांगेंत उभें राहिलें म्हणजे जागा मिळे. २०२१ पासून तेथलेही तळ आरक्षणावर गेले. तेव्हां ऐन उन्हाळ्यांत या दोन उद्यानांच्या दाराशीं जाऊन "कोठें तरी मिळेलच" असें म्हणणें हें धाडस नव्हे, अज्ञान होय. एवढें खरें कीं लोक बेत मोडतात व रद्द झालेल्या जागा पुन्हां खुल्या होतात. ज्याला चिकाटी आहे त्यानें निघण्यापूर्वींच्या आठ-पंधरा दिवसांत रोज पाहत राहावें.

जागांना आंकडे कां पडले, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. यलोस्टोन हें १८७२ च्या १ मार्च रोजीं राष्ट्रीय उद्यान झालें, पण मोटारींस तेथें बंदी होती. ती १९१५ च्या ऑगस्टांत उठली. पुढें मोटारी स्वस्त झाल्या आणि हजारों कुटुंबें उद्यानांतून व वनांतून मिळेल त्या झाडाखालीं मोटार घालून तंबू ठोकूं लागलीं. ई. पी. माइनेके नांवाचे वनस्पतिरोगांचे एक शास्त्रज्ञ होते. चाकांनीं व पायांनीं माती दडपून झाडांचीं मुळें गुदमरतात, आणि ज्या सावलीसाठीं लोक येतात तीच त्यांच्या येण्यानें मरते, असें त्यांनीं दाखवून दिलें. त्यांच्या सूचनेप्रमाणें १९३० नंतरच्या दशकांत तळ नव्या बेतानें आंखले गेले: एकाच दिशेनें जाणारा वाटोळा रस्ता, त्याला मोटार उभी करण्यापुरते फांटे, दर फांट्यास एक मेज, एक चूल व तंबूपुरतें अंगण, आणि मोटार फांट्याबाहेर जाऊं नये म्हणून कडेला मोठाले धोंडे. आजही बहुतेक तळ याच घाटाचे दिसतात. जागा मोजक्या केल्या म्हणून झाडें वांचलीं, आणि मोजक्या झाल्या म्हणूनच पुढें त्या राखण्याची पाळी आली. आरक्षणाला नांवें ठेवणारांनीं एकदां डोक्यावरच्या सावलीकडे पाहावें.

न राखलेल्या जागा म्हणजे मात्र बेबंदशाही, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाहीं. वनखात्याच्या पुष्कळ लहान तळांवर व कांहीं उद्यानांत ‘जो आधीं येईल त्याला’ हा न्याय अजून चालतो. तळाच्या तोंडाशीं फळा व पाकिटें असतात. प्रत्येक जागेच्या खांबाला चिठ्ठी असते. तेथला बिऱ्हाडकरू कोणत्या तारखेस उठणार तें तींत लिहिलेलें असतें. चिठ्ठ्या वाचीत फिरावें, मोकळी जागा पाहावी, पाकिटांत पैसे घालून तें लोखंडी नळकांड्यांत सोडावें आणि पाकिटाचा फाडलेला तुकडा खांबाला लावावा. घेणारा समोर नाहीं, मोजणारा नाहीं. पुष्कळ तळांवर एखादें निवृत्त जोडपें आपली घरगाडी लावून उन्हाळाभर ‘यजमान’ म्हणून राहतें. जागा झाडणें, सरपण विकणें, रात्रीं गलका करणारांस समज देणें हीं त्यांचीं कामें. येथें सारा खेळ वेळेचा आहे. रविवार ते बुधवार, व तेंही दुपारच्या आंत गेल्यास जागा बहुधा मिळते. शुक्रवारीं संध्याकाळीं शोधूं लागणें म्हणजे आषाढी एकादशीस पंढरपुरांत खोली शोधण्यापैकीं होय.

याहून मोकळी तऱ्हा म्हणजे तळावांचूनचा मुक्काम. राष्ट्रीय वनांच्या पुष्कळ भागांत कोठेंही फुकट राहतां येतें; एका ठिकाणीं साधारणपणें १४ दिवसांची मर्यादा असते. पाणी नाहीं, शौचकूप नाहीं. ओढ्या-तळ्यांपासून २०० फूट दूर जाऊन सहा-आठ इंच खड्डा खणावयाचा. तरुणांस हें शोभतें. गुडघा दुखणाऱ्या बाईच्या हातीं मध्यरात्रीं कुदळ देणें मला पसंत नव्हतें, आणि ही सूचना मीं मतास पडण्यापूर्वींच बाजूस सारली.

शेवटीं ठरलें तें असें. टीटनच्या तीन व यलोस्टोनच्या चार रात्री चिरंजीवांनीं हिवाळ्यांतच राखल्या होत्या, त्या तशाच ठेवाव्या. त्यांतच शुक्रवार-शनिवार येत होते. जातांनाची पहिली रात्र रविवारची व येतांनाची एक सोमवारची, या दोन मोकळ्या ठेवाव्या. उरलेली एक मोटेलांत. मोकळ्या रात्रींस माझ्या अटी होत्या: दुपारीं चारपूर्वीं तळ गांठावा, पांचपर्यंत जागा न मिळाल्यास हुज्जत न घालतां जवळच्या गांवीं मोटेल घ्यावें, आणि तें गांव रुग्णालय असलेलें असावें. अटी सूनबाईंनीं तत्काळ मान्य केल्या. चिरंजीवांनीं त्या कागदावर लिहून घेतल्या.

पाथेयाची बाजू सौभाग्यवतींकडे होती. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, भाजणी, भाजलेला रवा, आणि खिचडीचें साहित्य एकेका वेळेचें निराळ्या पिशव्यांत. दोन जाळांच्या ग्यासच्या चुलीवर अर्ध्या तासांत सहा माणसांची खिचडी होते. शेजारच्या जागेवरचीं माणसें डब्यांतले घेवडे ऊन करून खातांना पाहिलीं म्हणजे आपल्या अन्नाची योग्यता कळते. सरपण मात्र घरून नेऊं नये. लांकडांतून किडे एका वनांतून दुसऱ्या वनांत जातात, म्हणून तें मुक्कामाच्या ठिकाणींच विकत घ्यावें असें तिकडे सर्वत्र सांगतात. उद्यानांच्या प्रवेशासाठीं त्या वर्षीं ८० डॉलरांचा वार्षिक परवाना होता व त्यांत मोटारींतली सगळी मंडळी जात असत.

रविवार, ९ जुलै रोजीं पहाटे निघालों. ८० क्रमांकाचा महामार्ग सिएरा नेवाडा पर्वत डोनर घाटांतून ओलांडतो. माथ्याची उंची ७,२३९ फूट. १८४६ सालीं सुमारें ८७ माणसें, त्यांत पुष्कळ मुलें, बैलगाड्या घेऊन पूर्वेकडून कॅलिफोर्नियास येत होतीं. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नांवाच्या गृहस्थानें पुस्तकांत एक जवळची वाट सुचविली होती. पुस्तक लिहिलें तेव्हां तो स्वतः त्या वाटेनें गेलेला नव्हता. ती वाट या मंडळींनीं धरली. ती लांबली, मिठाच्या वाळवंटांत जनावरें गेलीं, आणि घाटाखालीं येतात तों हिमवर्षाव सुरू झाला. त्या हिवाळ्यांत जवळजवळ निम्मीं माणसें दगावलीं. ही हकीकत मीं घाटांतच नातवंडांना सांगूं लागलों तेव्हां सौभाग्यवतींनीं डोळे वटारले, आणि उरलेली मला पायथ्याशीं पुरी करावी लागली.

पुढें नेवाडांत कित्येक तास हम्बोल्ट नदीची सोबत असते. ही समुद्रास मिळत नाहीं, वाळवंटांतच जिरते. सरस्वती जेथें लुप्त झाली त्या जागेस आपल्या ग्रंथांत ‘विनशन’ म्हटलें आहे. हम्बोल्टच्या विनशनाजवळून आम्ही उलट्या अंगानें वर गेलों. साडेतीन वाजतां एल्को गांवापलीकडे रूबी पर्वतांतील वनखात्याच्या एका तळावर पोंचलों. शनिवार-रविवारची मंडळी उठून गेलेली, निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या. सौभाग्यवतींनीं दोन जागा नापसंत केल्या (एक शौचकूपापासून दूर, दुसरी उतरती) आणि तिसरी, ओढ्याशेजारची, घेतली. पाकिटांत घालावयास पैसे काढावे तों सगळा व्यवहार कार्डावर करणाऱ्या चिरंजीवांच्या खिशांत रोख एक डॉलर निघेना! सौभाग्यवतींच्या बटव्यांत सुट्या नोटा होत्या. सहा महिन्यांत भाजीच्या खरेदींतून उरलेल्या. पाकीट नातीनें लिहिलें. त्या रात्रीं ओढ्याच्या आवाजाखेरीज कांहीं ऐकूं आलें नाहीं.

टीटन पर्वताचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. मी एवढेंच सांगतों कीं त्याला पायथ्याच्या टेंकड्या नाहींत. सपाट माळावरून भिंतीसारखा तो एकदम उठतो, आणि मुख्य शिखर १३,७७५ फूट आहे. आमचा तळ जॅक्सन सरोवराच्या कांठीं कोल्टर बे येथें होता. हा अस्वलांचा मुलूख. म्हणून नियम असा कीं खाद्यपदार्थ, भांडीं, इतकेंच नव्हे तर दंतमंजन, साबण, सुवासिक तेल, यांपैकीं कांहींही तंबूंत ठेवावयाचें नाहीं. सारें बंद मोटारींत किंवा जागेवरच्या लोखंडी पेटींत. नियम योग्य आहे. माणसाचें अन्न एकदां चाखलेलें अस्वल पुन्हां पुन्हां येतें, आणि शेवटीं त्यालाच गोळी घालण्याची पाळी येते.

तिसऱ्या रात्रीं, दोनच्या सुमारास, सौभाग्यवतींनीं मला हलविलें. हात थंडगार, बाहेर इतका गारठा असून कपाळावर घाम, आणि बोलणें तुटक. दिवसां सरोवराकांठीं चालणें नेहमीपेक्षां अधिक झालें होतें व रात्रीं जेवण थोडें. साखर उतरली होती. घरीं असतों तर उशाशीं डबा असतो. येथें लाडू, साखर, बिस्किटें, सारीं दहा पावलांवर मोटारींत, मोटार कुलुपांत, आणि किल्ली दुसऱ्या तंबूंत चिरंजीवांच्या खिशांत. मीं हांक मारली. तो अनवाणीच धांवला. मोटारींत बसवून पेलाभर पाण्यांत चार चमचे साखर दिली. मापकावर आंकडा ५४ होता. सूनबाई रजई घेऊन आल्या, आणि कोणी बोललें नाहीं. पंधरा मिनिटांनीं आंकडा ९० झाला, त्यानंतर त्यांनीं दोन बिस्किटें खाल्लीं आणि विचारलें, "मुलें जागीं नाहीं ना झालीं?" दुसऱ्या दिवसापासून मोटारीची जादा किल्ली त्यांच्या गळ्यांतल्या दोऱ्याला, द्राक्षशर्करेच्या वड्या मोटारीच्या पुढच्या दारांत, आणि निजण्यापूर्वीं एकदां साखर मोजणें, असें सुरू झालें. अस्वलांच्या मुलखांत मधुमेही माणसास नेणारांनीं हें आरक्षणाच्याही आधीं ठरवावें.

यलोस्टोनमध्यें आम्ही ग्रँट व्हिलेजच्या तळावर चार रात्री राहिलों. ‘ओल्ड फेथफुल’ हा उष्णोदकाचा फवारा सरासरीनें दीड तासाच्या सुमारास एकदां उडतो. पुढची वेळ दहा मिनिटें इकडे-तिकडे धरून आधीं जाहीर करतात, आणि लोक बांकांवर वाट पाहत बसतात. निसर्गानेंही वेळापत्रक पाळावें हें पाहून मला विशेष समाधान झालें. गवे मात्र कोणाचें ऐकत नाहींत. कळप रस्त्यावर आला कीं अर्धा तास मोटारी उभ्या. त्यांच्यापासून २५ यार्ड व अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड दूर राहावें असा नियम आहे. तो मोडून छायाचित्रें घेणारीं माणसें तेथें पाहिलीं, त्यांत आपलींही होतीं. शनिवारीं दिवसभर पाऊस लागला. तंबूचें एक अंग भिजलें. राखीव जागा सोडून कोरड्या ठिकाणीं जावें तर पैसेही जाणार व दुसरी जागाही नाहीं. म्हणून ताडपत्री बांधून मेजाखालीं पत्ते खेळत बसलों. सूनबाई कांहीं म्हणाल्या नाहींत, पण डाव तीन वेळां त्यांनींच जिंकला. तसें पाहिलें तर आरक्षणाचीही शाश्वती कोठें आहे? २०२२ च्या १३ जूनला महापुरानें याच उद्यानांतले रस्ते वाहून गेले, सगळीं दारें बंद झालीं, दहा हजारांवर माणसें बाहेर काढावीं लागलीं, आणि ज्यांनीं महिनोगणती आधीं जागा राखल्या होत्या त्यांस वाटेवरूनच परतावें लागलें.

रविवारीं संध्याकाळीं चिरंजीवांनीं विषय काढला. दुसऱ्या दिवशींची मोकळी रात्र रद्द करून सरळ मोटेलांत जावें. या वेळीं सूनबाईंनींही त्यांचीच री ओढली. त्या रात्रीची भीति त्यांच्या मनांतून गेली नव्हती. मी विचारांत होतों. इतक्यांत रोगी म्हणून जिची चर्चा चालली होती तीच बोलली. "मला घेरी आली ती जागा राखीव होती कीं नाहीं? मग न राखलेल्या जागेवर राग कां? साखर मोटारींत होती, मोटार दोन्हीकडे जवळच असणार. किल्ली आतां माझ्याकडे आहे." आणि थोडें थांबून, "अरे, मला कोठें नेऊन ठेवायचें हें तुम्ही तिघे ठरवतां आहां. मी कांहीं सामान नाहीं." चिरंजीवांनीं मान खालीं घातली. खरें कारण मला मागाहून कळलें. त्यांनीं बरोबर पंचांग आणलें होतें. सोमवारीं, १७ जुलैला, आषाढी अमावास्या म्हणजे दिव्यांची अंवस होती, आणि तीही सोमवती. मोटेलच्या खोलींत धुराचा इषारा देणारें यंत्र असतें. तेथें दिवे लावतां येत नाहींत.

‘क्रेटर्स ऑफ द मून’ म्हणजे चंद्रावरचीं विवरें. आयडाहो प्रांतांतील या लाव्हारसाच्या प्रदेशास १९२४ सालीं राष्ट्रीय स्मारक ठरविण्यांत आलें. १९६९ मध्यें अपोलो योजनेंतील कांहीं अंतराळवीर खडकांचा अभ्यास करावयास येथें आले होते. सुमारें चाळीस जागांचा लहानसा तळ लाव्हारसाच्या ढिगांतच वसविला आहे, आणि आम्ही गेलों तेव्हां तेथें आधीं येईल त्याला जागा मिळे. पहाटे निघून दुपारीं बाराच्या सुमारास पोंचलों. जागा पुष्कळ मोकळ्या होत्या. सावली मात्र नांवाला. सौभाग्यवती सबंध फेरा पायीं फिरल्या, हातांत काठी, मागें दोन्ही नातवंडें, आणि परत येऊन म्हणाल्या, "हा तर आपलाच काळा फत्तर!" तें खरेंच आहे. सह्याद्री ज्या अग्निजन्य खडकाचा झाला त्याच जातीचा हा; आपला सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा जुना, आणि येथला शेवटचा रस जेमतेम दोन हजार वर्षांपूर्वींचा, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांच्या काळांतला. साताऱ्याकडच्या बाईला तेथें परकें वाटलें नाहीं. त्यांनीं निवडलेली जागा शौचकूपाजवळची, वाऱ्यास आडोसा असलेली होती. चिरंजीवांनींही याहून निराळी निवडली नसती.

संध्याकाळीं त्यांनीं कणकेचे पांच दिवे केले, नातीनें वाती वळल्या आणि मेजावर ताटांत ठेवून ते लावले. गणितानें पाहतां अमावास्या तेथील घड्याळाप्रमाणें दुपारीं साडेबाराच्या सुमारासच संपली होती, व हें मीं सांगूनही पाहिलें. सूर्योदयाची तिथि धरावयाची असते, असें मला उत्तर मिळालें. शेजारच्या जागेवरील वृद्ध अमेरिकन बाई दिवे पाहून चौकशीला आल्या आणि जातांना एक शिरा खाऊन गेल्या. दिवे विझल्यावर वर पाहिलें. या जागेला २०१७ सालीं काळोख्या आकाशासाठीं आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. त्यांत त्या रात्रीं चंद्र नव्हताच. दक्षिणेस वृश्चिक आंकड्यासकट, आणि त्याच्या शेपटापासून डोक्यावरून थेट उत्तरेपर्यंत आकाशगंगा, इतकी दाट कीं नातवानें विचारलें, "आजोबा, हा ढग केव्हां जाणार?" सौभाग्यवती खुर्चीवर रजई घेऊन अकरा वाजेपर्यंत बसल्या होत्या. निजण्यापूर्वीं साखर मोजली. ती १२० होती.

मंगळवारची रात्र मोटेलांत गेली. तेथें सांगण्यासारखें कांहीं नाहीं. बुधवारीं कॅलिफोर्नियाच्या हद्दींत, ट्रकी येथील नाक्यावर, बाहेरून फळें आणलीं काय म्हणून विचारतात, कारण फळांबरोबर कीड येते. उरलेलीं चार लिंबें तेथें द्यावीं लागलीं. घरीं आल्यावर तंबू दोन दिवस उन्हांत घालून मगच घडी केला; ओला गुंडाळला तर बुरशी धरतो.

२०२४ च्या जानेवारींत आम्ही पुण्यास असतांना चिरंजीवांचा फोन आला. उन्हाळ्यांतल्या सहा रात्री राखून झाल्या होत्या, आणि दोन आईनें सांगाव्या म्हणून सोडल्या होत्या. सौभाग्यवतींनीं भिंतीवरचें पंचांग काढलें. त्या वर्षीं दिव्यांची अंवस ४ ऑगस्टला, रविवारीं येत होती.